एक तोळ्याची गोळी : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२३, शनिवार

नवी वही. नाशिकला अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली, पण घरगुती कामासाठी वही घातली नव्हती. आता घालावी लागतेय, कारण जावईबापूंचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तिथेच वाहून जातात.

ते माँटानातल्या बोझमनला असतात. शिकारीचा नाद तिकडे गेल्यावर लागला, मूळचे सटाण्याचे. यंदा नवी रायफल घेतलीय, ७ मिमी पीआरसी. हॉर्नाडीने हे काडतूस गेल्याच वर्षी, २०२२ मध्ये बाजारात आणलं. तयार काडतुसं महाग, शिवाय दुकानात असतील तर असतील, म्हणून ते रिकाम्या केसा, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, पुन्हा भरणार आहेत. केस, ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी, चारही गोष्टी स्वतः जुळवायच्या. तिथे हा छंद गॅरेजमध्ये चालतो. आपल्याकडे परवान्याशिवाय एक काडतूस घरात सापडलं तरी गुन्हा आहे, आणि शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंदच. त्यामुळे माझ्याकडचा प्रकल्प कागदावरचा. हत्यार त्यांचं, वही माझी.

हिने विचारलं, "मारणार काय?" मी म्हटलं, एल्क. "म्हणजे?" म्हटलं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ. "मग सांबर मारणार म्हणा की सरळ," एवढं बोलून ती आत गेली.

९ जुलै

त्यांनी पाठवलेली माहिती उतरवून ठेवतो.

गोळीचा व्यास ०.२८४ इंच, म्हणजे ७.२१ मिमी. केस बुडाशी ०.५३२ इंच. नळीचा पीळ ८ इंचांत एक फेरा. असा कडक पीळ मुद्दाम दिलाय, कारण गोळी लांब आणि जड आहे. लांब गोळी संथ फिरली तर हवेत डुलते. कमाल दाब ६५,००० पीएसआय. आमच्या हायड्रॉलिक प्रेसवर २१० बारचा गेज असायचा. हा आकडा बारमध्ये काढला तर ४,४८० येतो. दोनदा तपासला.

जुनं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं. त्याच्या बुडाशी उंच पट्टा आहे, हॉलंड अँड हॉलंडच्या १९१२ च्या काडतुसाकडून वारशाने आलेला. त्या काडतुसात केस नळीत किती आत बसणार हे पट्ट्यावर ठरतं, पीआरसीत खांद्यावर, म्हणजे केस तोंडाकडे निमुळती होते त्या उतारावर. डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं ती जागा, नेमका कुठे, हे ड्रॉइंगवर पहिल्यांदा बघायची सवय अजून गेलेली नाही.

१५ जुलै, शनिवार

आज एक गंमत सापडली. जावईबापू १८० ग्रेनची गोळी वापरणार आहेत. ग्रेन हे जवाच्या दाण्यावरून आलेलं वजन, ६४.८ मिलिग्रॅम. १८० ला गुणलं तर ११.६६ ग्रॅम. हा आकडा कुठेतरी ऐकलाय असं सारखं वाटत होतं. दुपारी झोपेत आठवलं: तोळा!

संध्याकाळी सराफ बाजारात गेलो. ओळखीचे सराफ आहेत, आमच्या लग्नाचं मंगळसूत्र त्यांच्या वडिलांनी घडवलेलं. ते म्हणाले, "आता गिऱ्हाईक तोळा म्हणतं तेव्हा दहा ग्रॅम धरतं. खरा तोळा अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट. बारा मासे, शहाण्णव गुंजा." इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा बांधला तो बरोबर १८० ग्रेनचा, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणून जुनी माणसं तराजूच्या पारड्यात रुपये टाकून सोनं तोलत.

म्हणजे माँटानात एल्कवर झाडायची गोळी अगदी एक तोळ्याची. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सोन्याची नाही ना?"

२३ जुलै, रविवार

पहिली खेप आली. जावईबापूंनी 'शिडी' केलीय. काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून अर्ध्या अर्ध्या ग्रेनने दारू वाढवत पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीवर तीन गोळ्या. वेग रडारच्या यंत्राने मोजला, फूट प्रति सेकंदात. सरासऱ्या:

२,८४२ · २,८६१ · २,८६३ · २,८८९ · २,९०६

त्यांचं म्हणणं, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत वेग जवळजवळ वाढलाच नाही, म्हणजे तिथे 'नोड' आहे. त्या सपाट जागेत दारू थोडी कमीजास्त झाली तरी वेग हलत नाही, म्हणून तेच वजन धरायचं. शिवाय चौथ्या पायरीवर प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरतो ते) फक्त ३ आलं म्हणून तेही खूश. १०० यार्डांवरचा तीन गोळ्यांचा एक गट १२ मिमीचा, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांत तेवढं अंतर. फोटो आला, शेजारी नाणं ठेवून काढलेला.

पाचव्या पायरीवर बोल्ट उचलायला जड गेला आणि दोन केसांच्या बुडावर एजेक्टरचा, म्हणजे केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा, चकचकीत ठसा उठला. दोन्ही दाब जास्त झाल्याच्या खुणा. हे त्यांनी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय. मी लगेच फोन केला. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते हे नंतर लक्षात आलं. म्हटलं, "वेगाचं राहू द्या, ही पायरी कायमची बंद. पुस्तकातला आकडा त्यांच्या नळीत मोजलेला असतो, तुमच्या नाही." ते म्हणाले, "हो बाबा, तिथेच थांबलो होतो." काडतूस नवं, त्यामुळे पुस्तकांत माहिती थोडी. असं असलं की माणूस जवळपासच्या काडतुसावरून अंदाज बांधायला बघतो. तेवढं करू नका, असंही सांगून ठेवलं.

२४ जुलै

रात्री झोप आली नाही, म्हणून गणित केलं.

तीन नगांवरून काढलेलं प्रमाण विचलन म्हणजे तीन मतदार विचारून निकाल जाहीर करणं. तीन वाचनांत ३ आलं, तर खरं विचलन ९५ टक्के खात्रीने दीडपासून एकोणीसपर्यंत कुठेही असू शकतं. वीस नगांवरून काढलं तर हीच मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या पाऊण पटीपासून दीड पटीपर्यंत येते. कारखान्यात कंट्रोल चार्ट भरताना डी-टू नावाचा गुणक वापरायचो, तो इथे आयता कामाला आला. तीनच्या नमुन्यात लहानमोठ्यातला फरक सरासरीने विचलनाच्या १.६९३ पट येतो, वीसच्या नमुन्यात ३.७३५ पट. यंत्र तेच, माल तोच, नग वाढवले की फरक दुपटीहून जास्त दिसतो. म्हणून ज्याला आपली बढाई टिकवायची असते तो तीनवर थांबतो.

सपाट जागेचंही तेच. एकेका गोळीचं विचलन १० धरलं तर तीन-तीनच्या दोन सरासऱ्यांमधल्या फरकाला आठ फुटांची डगमग मुळातच असते. पायरीमागे सोळा फूट वाढायला हवे होते, वाढले दोन. चार फरकांत असा एखादा निघाला तर नवल नाही.

हे सगळं जावयाला कसं सांगायचं? सासऱ्याने चूक काढली की ती दुप्पट मोठी होते. त्यातून अधिक मास सुरू आहे. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, दोष द्यायचे नसतात.

३० जुलै, रविवार

युक्ती सुचली. आधी इथे करून बघतो.

खालच्या मजल्यावरची दहावीतली पोरगी दहा मीटर एअर रायफल खेळते. ४.५ मिमीचे शिशाचे छर्रे, पाचशेचा डबा. तिची रायफल आठ ज्यूलच्या आसपासची, कायद्याने सूट दिलेल्या वीस ज्यूलच्या खूप आत. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. छर्रा सेकंदाला १७० मीटरने जातो आणि दहा मीटरमध्ये १७ मिमी खाली येतो. वेग दोन मीटरने बदलला तर ०.४ मिमीचा फरक पडतो, म्हणजे दीड दशांश गुण गेला. तेव्हा कुठला छर्रा चांगला, याचा तिला ध्यास असणं साहजिक आहे.

मी तिला दोन डब्या दिल्या, अ आणि ब. म्हटलं, दोन वेगळ्या बॅचचे छर्रे आहेत, कुठले चांगले ते सांग. दोन्ही तिच्याच एका डब्यातून, न निवडता, पन्नास पन्नास काढलेले. तिची आई या कटात सामील होती.

६ ऑगस्ट, रविवार

रेंजवर सकाळ घालवली. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकदा अ, एकदा ब, असे पाच-पाचचे गट. पहिल्या गटानंतरच पोरगी म्हणाली, "आजोबा, अ भारी आहे. ब मध्ये एक छर्रा कायम उडतो." पहिला गट अ चा २.६ मिमी, ब चा ४.९. दुसरा गटही अ चाच सरस. तिसऱ्यापासून ब सावरला. पाच-पाच गट झाले तेव्हा सरासरी अ ३.८ आणि ब ३.६.

डब्यांचं गुपित सांगितल्यावर ती अर्धा मिनिट गप्प होती. मग म्हणाली, "पण अ खरंच चांगले लागत होते." शिसं हाताळलंय म्हणून साबणाने हात धुवायला लावले आणि मिसळ खाऊ घातली. राग मिसळीने गेला नाही, वरच्या आइस्क्रीमने गेला.

संध्याकाळी हे सगळं, आकड्यांसकट, जावईबापूंना लिहून पाठवलं. त्यांच्या शिडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

८ ऑगस्ट

उत्तर आलं. "बाबा, समजलं. माझा नोड म्हणजे तुमची अ डबी." हुशार आहे माणूस. पुढची ओळ: "पण केसा पन्नासच आहेत, दर शॉटला नळी झिजते, आणि वीस वीस झाडायचे म्हणजे खिसा रिकामा." तक्रार रास्त आहे. कारखान्यात नमुना मोठा घ्या म्हटलं की प्रॉडक्शनवाले हेच म्हणायचे.

१३ ऑगस्ट, रविवार

आणखी एक गोष्ट खटकत होती. त्यांना एवढंच विचारलं, "दारू तोलायचा वजनकाटा कधी तपासता?" म्हणाले, सुरू केल्यावर एकदा शून्य करतो.

तपासायला त्यांच्याकडे प्रमाण वजन नाही. मग मुलीच्या देव्हाऱ्यातला लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया आठवला, माझ्या आईने दिलेला. तो काट्यावर ठेवायला सांगितलं. झिजून ११.६६ चा ११.५ झाला असेल, काही बिघडत नाही. आज जेवढा झिजलाय तेवढाच तासाभरानेही असणार, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

काटा सुरू केल्यावर पहिलं वाचन. दर दहा मिनिटांनी पुढचं. चाळीस मिनिटांनी तोच रुपया ०.३ ग्रेनने 'जड' झाला. म्हणजे २० मिलिग्रॅम, गुंजेचा सहावा हिस्सा. शिडीची पायरी अर्ध्या ग्रेनची, त्यातली निम्म्याहून जास्त काट्यानेच खाल्ली. गॅरेजमधला टेबलपंखा बंद केला तर वाचन उड्या मारायचं थांबलं, पण सरकणं चालूच. तासभर तापू दिल्यावर मात्र काटा स्थिर झाला.

नोडचा निम्मा खुलासा इथे झाला. उरलेला निम्मा तीनच्या नमुन्याचा.

१४ ऑगस्ट, सोमवार

सराफांना विचारलं, काट्याचं तुम्ही काय करता? म्हणाले, "सकाळी दुकान उघडलं की आधी काटा चालू, मग देवाला दिवा, मग गिऱ्हाईक. तोवर तापतो." वर म्हणाले, काट्यावर पंख्याचा वारा येऊ देणारा सराफ एक तर नवा असतो, नाहीतर लबाड.

२६ ऑगस्ट, शनिवार

पाऊस दडी मारून बसलाय. श्रावण आहे हे कॅलेंडरवरूनच कळतं.

जावईबापूंनी केसांची मापं पाठवली. झाडलेली केस नळीच्या मापाने फुगते. ती पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून किंचित लहान करावी लागते. खांदा फक्त दोन हजारांश इंच, ०.०५ मिमी मागे सारायचा, बोल्ट मऊ लागेल इतकाच. त्यांच्या मापांत फरक ०.२ मिमी निघाला. डायसोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे डाय तळाला टेकेपर्यंत फिरवली होती. तो कागद सगळ्यांच्या सगळ्या नळ्यांसाठी लिहिलेला असतो.

खांदा जास्त मागे गेला की दर वेळी केस पुढे ताणली जाते. पितळ बुडाच्या जरा वर पातळ होतं, बाहेरून तिथे चमकदार कडं दिसतं, आणि एक दिवस केस तिथेच तुटते. ४,४८० बार दाबाखाली, डोळ्यापासून वीतभर अंतरावर. आतून तपासायची सोपी पद्धत: कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करायची, टोक वाकवायचं आणि आतल्या भिंतीवरून फिरवायचं. खाच लागली तर केस भंगारात. त्यांच्या पन्नासातली एकही अजून लागली नाही, दुसरीच खेप आहे म्हणून. डाय फेऱ्याच्या साधारण बाराव्या हिश्शाने मागे घेतली. आता फरक ०.०५ ते ०.०६.

या नोंदीला लाल शाईने चौकट केली. वेगाच्या विचलनाने फार तर नेम चुकतो. इथे चूक झाली तर डोळा जातो.

१० सप्टेंबर, रविवार

वीस काडतुसं. शिडीच्या मधल्या पायरीचंच वजन, नोड म्हणून नव्हे, तर कमाल मर्यादेपासून पुरेसं लांब म्हणून. काटा तासभर तापवलेला, दर पाच काडतुसांनी रुपया ठेवून तपासलेला. प्रत्येक पाच गोळ्यांनंतर नळी थंड होऊ दिली.

सरासरी २,८७४. विचलन ११. लहानमोठ्यातला फरक ४१. डी-टूने गुणून बघितलं, ११ × ३.७३५ = ४१. असं जुळलं की आजही बरं वाटतं. दहा-दहाचे दोन गट, एक ३१ मिमी, दुसरा ३४. नाणं ठेवून काढलेल्या १२ मिमीच्या फोटोपुढे हे ओशाळवाणं दिसतं. पण तीनचा गट सरासरी २० मिमीचा देणारी रायफल दहाचा गट ३२ च्या आसपासच देते, त्यात रायफलचा दोष नाही.

ते विचारतात, विचलन ११ वरून ६ वर आणायला काय करू? टोप्या बदलू? केसा वजनाने निवडू?

२४ सप्टेंबर, रविवार

गणपतीच्या गडबडीत आठवडा गेला. आज दुपारी बसून त्यांच्या प्रश्नाचं गणित केलं.

त्यांनी स्वतःला घातलेली मर्यादा ४०० यार्ड, म्हणजे ३६६ मीटर. गोळीला तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाच्या थोडं आत लागतं. वेगात ११ फुटांचा फरक पडला तर गोळी तिथे सात-आठ मिलिमीटर वरखाली लागते. आणि ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे पानं हलतात तेवढाच, ओळखायचा राहिला तर गोळी १५ सेंटिमीटरच्या आसपास सरकते. एल्कच्या छातीतली मर्माची जागा मोठ्या ताटाएवढी. विचलन ११ वरून ६ वर आणलं तर फार तर चार मिलिमीटर वाचतील.

लिहून पाठवलं: "टोप्या बदलू नका. उरलेल्या दारूत वाऱ्याचा सराव करा. बसून, उभं राहून, धापा टाकत." शेवटचा मुद्दा माझा नव्हे, पोरगीचा. ती म्हणते वाळूच्या पिशवीवर कुणीही चांगलं मारतं.

देवळालीकडून दुपारभर तोफांचा सराव ऐकू येत होता. खिडकीची काच थरथरते. तिथल्या मंडळींना दारूचं तापमान प्रत्येक गोळ्याच्या हिशेबात धरावं लागतं. त्यावरून आठवलं, जावईबापूंची सगळी मोजणी ३० अंशांच्या उन्हातली आहे, शिकार बर्फात. थंडीत दारू मंद जळते, वेग कमी होतो, ती चिंता लहान. उलटं केलं असतं, थंडीत कमाल वजन ठरवून उन्हाळ्यात झाडलं असतं, तर दाब चढला असता.

१५ ऑक्टोबर, रविवार, घटस्थापना

पहाटे उणे चार अंशांत त्यांनी दहा गोळ्यांचा वेग घेतला. सरासरी २,८५१. तेवीस फूट कमी. दुर्बिणीचा तक्ता त्यानुसार बदलला. काडतुसं बर्फात नाही, अंगातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची ठरवलीत.

वाऱ्याच्या सरावाचा कागदही आला. उभ्याने ३०० यार्डांवर दहातल्या चार बाहेर. त्यांनी स्वतःच मर्यादा ४०० वरून २५० वर आणली. मी काही बोललो नव्हतो.

५ नोव्हेंबर, रविवार

एल्क मिळाला. १९० यार्ड, वारा नाही, बसून, एक गोळी. चार महिन्यांच्या वहीतला एकही आकडा तिथे कसाला लागला नाही, दुकानातल्या काडतुसानेही तेच झालं असतं, असं ते हसत म्हणाले. मी म्हटलं, केस तपासली का? बोल्ट मऊ उघडला, बुडावर ठसा नाही, टोपीच्या कडा गोल आहेत. ठीक.

मांस डोंगरावरून खाली आणायला चार फेऱ्या लागल्या. फ्रीझर भरला. हिला फोटो दाखवला नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन

रात्री व्हिडिओ कॉल. मुलगी पूजेची तयारी करत होती आणि रुपया सापडत नव्हता. शेवटी गॅरेजमध्ये, काट्याच्या पारड्यावर, दारूच्या बारीक काळ्या कणांत सापडला. ती जावईबापूंना जे बोलली ते इथे लिहीत नाही. चिंच आणि मीठ लावून घासला, पंचामृताने धुतला, आणि पाटावर ठेवला.

जावईबापू हळूच विचारतात, "बाबा, आता काटा कशाने तपासू?" पन्नास ग्रॅमचं प्रमाणित वजन मागवायला सांगितलंय. तोवर केसा भरणं बंद.